पेरभर योद्ध्यांवरचा उजेड

फँटसी मिनिएचर रंगवण्याच्या छंदाबद्दल बोलताना आधी माप सांगायला हवं, कारण बाकीचं सगळं त्या मापातून निघतं. या पुतळ्यांचं सर्वांत रुळलेलं माप 28 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम बोटाचं एक पेर. एवढ्या जागेत चिलखत असतं, कमरपट्टा असतो, पट्ट्याला बक्कल असतं, दाढीच्या बटा असतात, ढालीवर कुळाचं चिन्ह असतं. डोळा मिलिमीटरभरही नसतो. असा एखादा बुटका योद्धा, एल्फ, ऑर्क किंवा ड्रॅगन राखाडी प्लॅस्टिकमध्ये हातात येतो आणि त्याला रंग देऊन उभं करायचं असतं. इंग्लंड, अमेरिका, स्पेन, फ्रान्स, जर्मनी, पोलंड इथे हा छंद घराघरांत आहे. आपल्याकडे मुंबई-पुण्यात आणि परदेशी गेलेल्या मराठी मंडळींत तो आता दिसू लागला आहे, पण मराठीत त्याविषयी फारसं वाचायला मिळत नाही.

गेल्या पन्नास वर्षांत या छंदातला धातू बदलला, रंग बदलले, पुतळे घडवण्याची रीत बदलली. प्रत्येक बदलानं काम थोडं सोपं झालं आणि प्रत्येक वेळी जुन्या हातांना वाटलं, की आता कसब बुडालं. माझं मत याच्या उलट आहे. सोपेपणामुळे रंगवणाऱ्यांची संख्या वाढली, आणि उत्तम काम पूर्वीपेक्षा कितीतरी उंचीवर गेलं.

मुळात हे खेळण्यातलं सैन्य. अठराव्या शतकात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला कथलाचे चपटे सैनिक ओतले जात. 1893 मध्ये लंडनच्या ब्रिटन कंपनीनं शिशाचे पोकळ सैनिक ओतायची युक्ती काढली. धातू कमी लागल्यानं किंमत उतरली आणि मध्यमवर्गीय घरांत पलटणी आल्या. 1913 मध्ये एच. जी. वेल्स यांनी अशा सैनिकांना घेऊन जमिनीवर लढाया खेळण्याचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात मांडले. हे सैनिक मात्र कारखान्यातूनच रंगून येत. स्वतः रंगवण्याची चाल पडली ती पुढे, ऐतिहासिक लढायांचे खेळ खेळणाऱ्यांमुळे. त्यांना नेपोलियनच्या अमुक पलटणीचा अमुक गणवेश हवा असे, म्हणून ते कोरे ओतीव पुतळे घेत आणि पुस्तकं उघडून रंग देत. त्या रंगकामात कल्पनेला वाव थोडा होता. कॉलर लाल की पिवळी, याचा निकाल पुस्तकात आधीच लागलेला असे.

फँटसीनं हे बंधन काढून टाकलं. ऑर्कची कातडी कोणत्या रंगाची, हे सांगणारं संग्रहालय कुठेच नाही. 1971 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या 'चेनमेल' या युद्धखेळाला जादूगार आणि ड्रॅगन यांची पुरवणी जोडली गेली. तिच्यातूनच 1974 मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जन्मला. त्या काळी हवे तसे राक्षस विकत मिळत नसत. गायगॅक्स यांच्या टेबलावर हाँगकाँगहून आलेली स्वस्त प्लॅस्टिकची विचित्र जनावरं होती. त्यांतल्याच एकाचा लोखंड गंजवून खाणारा 'रस्ट मॉन्स्टर' झाला. पुढे त्या खेळाच्या ग्रंथांत ठाण मांडून बसलेल्या काही प्राण्यांचं मूळ असं खेळण्याच्या पिशवीत आहे, हे मला फार आवडतं. आधी हातात वस्तू आली, कथा नंतर आली.

मग धंदा उभा राहिला. 1975 मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला राल पार्था ही कंपनी निघाली. तिचा मुख्य शिल्पकार टॉम मायर तेव्हा विशीतही पोचला नव्हता. त्याच वर्षी लंडनमध्ये तीन मित्रांनी गेम्स वर्कशॉप काढली. थोड्याच वर्षांत या कंपनीनं ब्रायन अ‍ॅन्सेल यांच्यासह नॉटिंगहॅमजवळच्या न्यूअर्कमध्ये सिटाडेल मिनिएचर्स ही पुतळ्यांची कंपनी सुरू केली. पुतळे जास्त विकले जावेत, गिऱ्हाइकानं दोन-चार घेऊन न थांबता सैन्यच्या सैन्य घ्यावं, म्हणून अ‍ॅन्सेल यांनी एक खेळ लिहून घेतला. तो 1983 चा 'वॉरहॅमर'. 1987 मध्ये त्याचं अंतराळातलं भावंड 'वॉरहॅमर 40,000' आलं आणि रंगकामाची 'गोल्डन डीमन' ही स्पर्धाही त्याच वर्षी सुरू झाली. आज गेम्स वर्कशॉप लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांत आहे. डिसेंबर 2024 मध्ये ती त्या यादीत गेली. पुतळे, रंग, ब्रश, नियमांची पुस्तकं आणि कादंबऱ्या विकून एखादी कंपनी तिथे पोचते, यावरून या छंदाचा पसारा कळावा.

धातूचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. सुरुवातीचे पुतळे शिशाचं प्रमाण मोठं असलेल्या मिश्रधातूचे होते. 1990 च्या दशकात शिशाच्या विषारीपणाबद्दल अमेरिकेत कायद्याचा बडगा दिसू लागला, तेव्हा कंपन्या कथिलप्रधान मिश्रधातूकडे वळल्या. नंतर पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकनं बाजी मारली. त्याचा पोलादी साचा अतिशय महाग असतो, पण एकदा झाला की त्यातून हजारो प्रती निघतात. त्यामुळे मोठ्या कंपन्या प्लॅस्टिककडे गेल्या आणि लहान कारागीर धातूत व रेझिनमध्ये राहिले. जुन्या शिशाच्या पुतळ्यांना आजही चाहते आहेत. ते हाताळल्यावर हात धुवावेत आणि लहान मुलांपासून ते दूर ठेवावेत.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. पुतळा त्रिमितीत आहे, मग त्याला छाया-प्रकाश का रंगवायचा? खोलीतला उजेड आपलं काम करीलच की! तर तो करत नाही. खऱ्या माणसाच्या हनुवटीखाली पडणारी सावली मोठी असते, म्हणून डोळ्यांना जाणवते. पेरभर पुतळ्याच्या हनुवटीखालची खाच अर्ध्या मिलिमीटरची. खोलीतला पसरलेला उजेड तिच्यात सहज शिरतो आणि सावली उरतच नाही. नुसते सपाट रंग भरले, तर हातभर अंतरावरून पुतळा रंगीत ढेकळासारखा दिसतो. म्हणून जी सावली पडायला हवी होती, ती रंगानं घालावी लागते, आणि जो झळाळ यायला हवा होता, तोही. या छंदातलं जवळजवळ सगळं तंत्र या एका अडचणीला दिलेलं उत्तर आहे.

आधी प्रायमर, म्हणजे अस्तर. त्यावाचून रंग प्लॅस्टिकला धरत नाही. मग मूळ रंगाचे हात. गेम्स वर्कशॉपच्या व्हिडिओंतून एका पिढीला रंगवायला शिकवणाऱ्या डंकन ऱ्होड्स यांनी एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्या, असं इतक्यांदा सांगितलं, की पुढे त्यांच्या स्वतःच्या रंगमालिकेचं नावही तेच झालं. जाड रंग शिल्पातल्या बारीक रेघा बुजवतो. एकदा बुजलेली रेघ पुन्हा काढता येत नाही, म्हणून हा सल्ला इतका मोलाचा. त्यानंतर वॉश: पाण्यासारखा पातळ गडद रंग, जो आपोआप खाचांत जाऊन बसतो आणि सावली होतो. मग ड्रायब्रश: ब्रशमधला रंग कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलासुरला उंचवट्यांवरून घासायचा. केस, फर, साखळीचं चिलखत यांवर तो दोन मिनिटांत उठून दिसतो. यापुढचं काम धीराचं. एकेक छटा उजळवत थर चढवणं, कडांवर केसाएवढी फिकट रेघ ओढणं, दोन छटा ओल्या असतानाच एकमेकींत मिसळणं.

रंगांचे स्वभावही ओळखावे लागतात. पिवळा आणि लाल गडद अस्तरावर झाकत नाहीत, कारण त्यांतली बरीच रंगद्रव्यं अर्धपारदर्शक असतात. पिवळ्याखाली पांढरा किंवा फिकट गुलाबी हात दिला, तर तो एकदम खुलतो. पूर्वी हम्ब्रोलचे एनॅमल रंग वापरत. त्यांना टर्पेंटाइन लागे आणि ते वाळायला रात्र जाई. पाण्यात विरघळणारे अ‍ॅक्रिलिक आले आणि हा छंद जेवणाच्या टेबलावर आला. माझ्या लेखी सगळ्या बदलांत हाच मोठा. शाळकरी मुलगा, रात्रीची पाळी करून आलेली परिचारिका, एका खोलीत राहणारं कुटुंब, कोणालाही वेगळ्या जागेवाचून रंगवणं शक्य झालं.

उजेडाच्या प्रश्नाचा सर्वांत चकित करणारा अवतार म्हणजे धातूचा रंग न वापरता धातू रंगवणं. तलवारीला चांदीचा रंग दिला, की ती खोलीतल्या दिव्यात चमकते आणि पुतळ्याच्या जगातला उजेड मोडतो. म्हणून कसबी चित्रकार पांढऱ्या, करड्या, निळसर रंगांनीच पातं रंगवतो. वरच्या भागात आकाशाचं प्रतिबिंब, खालच्या भागात मातीचा तपकिरी, मधे एक धारदार काळपट पट्टा आणि टोकाला शुभ्र ठिपका. 1997 ते 2010 या काळात चाललेल्या फ्रान्सच्या रॅकहॅम कंपनीच्या पुतळ्यांवर ही पद्धत फार देखणी दिसे. युरोपातल्या कितीतरी जणांनी त्या पुतळ्यांची छायाचित्रं समोर ठेवून हात घडवला.

चवीचाही एक वाद आहे आणि तो मला तंत्राच्या वादाहून मोलाचा वाटतो. गेम्स वर्कशॉपच्या स्टुडिओची शैली स्वच्छ आहे. प्रत्येक कडा उजळ, प्रत्येक रंग ठसठशीत, पुतळा खोक्यावरच्या छायाचित्रात लगेच कळावा असा. त्याच कंपनीचे कलादिग्दर्शक राहिलेले जॉन ब्लांश यांची दृष्टी वेगळी. तपकिरी, सेपिया, गंजलेले लाल रंग आणि मळ, जुन्या फ्लेमिश चित्रांसारखा दबलेला उजेड. त्यांच्या मागे गेलेल्या मंडळींनी दोन-तीन पुतळे कापून त्यांतून एक नवाच भणंग यात्रेकरू उभा करायची रीत वाढवली. माझा कल ब्लांश यांच्याकडे आहे. स्वच्छ शैली उत्तम शिकवते, पण त्या शैलीतले शंभर पुतळे एकाच हाताचे वाटतात. मळकट शैलीत माणूस लवकर ओळखू येतो.

सोपेपणावरचा वाद अलीकडे पुन्हा पेटला तो 2019 मध्ये. सिटाडेलनं तेव्हा 'कॉन्ट्रास्ट' नावाचे रंग आणले. फिकट अस्तरावर त्यांचा एकच जाडसर हात द्यायचा. रंग उंचवट्यावरून ओघळून खाचांत साचतो आणि छाया-प्रकाश एकाच वेळी मिळतो. 2022 मध्ये डॅनिश आर्मी पेंटर कंपनीनं 'स्पीडपेंट' आणले. पहिल्या खेपेत त्यांच्यावर दुसरा ओला हात पडला, की खालचा रंग पुन्हा सुटे. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत ती खोड काढली गेली. याच सुमाराला काळ्या अस्तरावर करडा, मग पांढरा ड्रायब्रश घासून वर हे पारदर्शक रंग देण्याची युक्ती पसरली. आठवड्याचं काम एका संध्याकाळीत होऊ लागलं.

यावर बोलणारे बहुतेक जण दोन वेगळ्या गरजा एकत्र करतात. ज्याला खेळायचं आहे, त्याच्यासमोर साठ-सत्तर सैनिकांचं सैन्य असतं. 2020 च्या नियमांपासून वॉरहॅमर 40,000 च्या स्पर्धात्मक डावात शंभरातले दहा गुण सैन्य रंगवलेलं असण्याचे आहेत. अशा माणसाला प्रत्येक शिपायाच्या डोळ्यात बुबुळ काढायला सांगणं हा जुलूम आहे. त्याचं सैन्य टेबलावर तीन फुटांवरून एकसंध दिसलं, की काम झालं. दुसऱ्याला एकच पुतळा महिनाभर रंगवायचा असतो. त्याला कॉन्ट्रास्टचा उपयोग फार तर पहिल्या थरापुरता. एकाच्या कसोटीवर दुसऱ्याला मोजण्यात काही अर्थ नाही. शिवाय गोल्डन डीमनच्या पहिल्या वर्षांतले विजेते पुतळे आजच्या विजेत्यांशेजारी ठेवून पाहावेत. त्या काळी जे शिखर होतं, ते आज चांगल्या हौशी माणसाच्या आवाक्यात आहे. सोप्या साधनांनी कसब बुडालं असतं, तर असं दिसलं नसतं.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. शिल्प दुसऱ्याचं, हजारो प्रतींतलं एक. मग रंगवणाऱ्याची कला कोणती? याचं उत्तर मराठी माणसाला पेणमध्ये मिळतं. गणपतीची मूर्ती साच्यातून निघते, एका साच्यातून कितीतरी. पण डोळ्यांची आखणी कोणाकडून करून घ्यायची, हे कारखानदार फार जपून ठरवतो. तो हात मुरलेला असावा लागतो, कारण मूर्तीला चैतन्य आलं की नाही, हे तिथे ठरतं. साचा समान असूनही नजर वेगळी होते. मिनिएचरमध्येही हेच घडतं. एकाच पुतळ्याचे दोन चित्रकारांनी रंगवलेले डोळे पाहिले, तर एकजण रागावलेला दिसतो आणि दुसरा थकलेला.

त्वचेच्या रंगाबद्दल बोललंच पाहिजे. बरीच वर्षं कातडीच्या रंगांच्या बाटल्या म्हणजे गुलाबी-पीच छटांची रांग होती. सिटाडेलच्या जुन्या 'ड्वार्फ फ्लेश' आणि 'एल्फ फ्लेश' या दोन्ही त्यांतल्याच. नकाशावर नसलेल्या जगातही माणसं गोरीच असायची. आता तयार संचांत सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या छटा मिळतात, तरी आपल्याकडचा गव्हाळ वर्ण हवा असेल तर तो मिसळूनच घ्यावा. तपकिरीत थोडा पिवळा, सावलीत काळ्याऐवजी जांभळट लाल, ओठ आणि नाकाच्या शेंड्यावर किंचित लालसर. सावलीत काळा घातला, की सावळी त्वचा मळकी आणि निर्जीव दिसते. परदेशी धड्यांत हा मुद्दा क्वचितच येतो, म्हणून मुद्दाम सांगितला.

घरगुती त्रिमितीय छपाईनं गेल्या काही वर्षांत पुतळ्यांचा बाजारच उलटा केला. शिल्पकार संगणकावर पुतळा घडवतो, त्याची फाइल विकतो आणि घेणारा तो घरी रेझिनमध्ये छापतो. भारतातल्या छंदिष्टाला याचा मोठा आधार आहे, कारण आयात पुतळ्यावरचा वाहतूकखर्च आणि कर टळतो. पण न वाळलेलं द्रव रेझिन त्वचेला बाधतं, एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती सुटत नाही. हातमोजे, हवेशीर खोली आणि घासताना मास्क यांत तडजोड नको. एका खोलीच्या घरात, लहान मूल असताना हे यंत्र आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. छापून देणाऱ्याकडून पुतळा घ्यावा. कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्नही आलाच. 2024 मध्ये गोल्डन डीमनमध्ये एका विजेत्या पुतळ्यामागचं चित्र तशा साधनानं बनवलेलं निघालं, वाद झाला आणि पुढे स्पर्धेच्या नियमांत अशा चित्रांना बंदी आली. बंदी योग्यच होती. हाताच्या कामाची स्पर्धा आहे, तर हाताचंच काम तोलायला हवं.

उरला प्रश्न आपल्याकडे सुरुवात कशी करायची याचा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात स्प्रेचा प्रायमर मारू नये. हवेतल्या दमटपणानं तो पिठासारखा दाणेदार बसतो. ब्रशनं लावायचा प्रायमर घ्यावा. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात रंग पॅलेटवरच वाळतो. तिथे डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवावा, रंग तासन्‌तास ओला राहतो. स्पेनच्या व्हालेहो कंपनीचे रंग उत्तम, पण महाग. दांडेकरांनी 1931 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनचे अ‍ॅक्रिलिक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. ते कॅनव्हाससाठी बनलेले, जाड असतात आणि पातळ केले की कमी झाकतात. दोनाऐवजी चार हात द्यावे लागतील, शेवटी मॅट वॉर्निश लागेल, पण त्यांवर शिकता येतं. काळा, पांढरा, लाल, पिवळा, निळा आणि एक तपकिरी एवढे पुरेत. चाळीस सैनिकांचं खोकं घेऊ नये. ते कपाटात पडून राहतं आणि मनाला टोचत राहतं. एकच पुतळा घ्यावा, शक्य तर आधीच अस्तर दिलेला, आणि तो पुरा करावा.

ब्रशबद्दल शेवटची आणि कळकळीची विनंती. जगात या कामासाठी नावाजलेले ब्रश कोलिन्स्की, म्हणजे सायबेरियन वीझलच्या शेपटीच्या केसांचे असतात. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात हा प्राणी भारतानंच नोंदवलेला आहे. त्याहून जवळचा गुन्हा मुंगसाचा. आपल्या बाजारात उत्तम टोकाचे म्हणून विकले गेलेले कितीतरी ब्रश मारलेल्या मुंगसांच्या केसांचे होते. वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा व्यापार बेकायदा आहे. 2019 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागानं 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाची मोहीम काढून देशात अनेक ठिकाणी छापे घातले. आज सिंथेटिक ब्रश पुरेसे चांगले मिळतात. टोक वळलं की नवा घ्यावा, तो स्वस्त असतो. एक नंबरचा सिंथेटिक घ्या. दुकानदारानं मुंगसाच्या केसांचा ब्रश पुढे केला, तर तो नाकारा आणि का नाकारला, हेही त्याला सांगा.